सल्फेट गेला, मीठ राहिलं

मी सांगलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. मागच्या मार्चमधली एक सकाळ अजून डोक्यातून जात नाही.

एमएस्सीच्या एका मुलीचा प्रकल्प होता, पाण्यातला सल्फेट काढायचा. हा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, हट्टी. पाण्याचे रेणू त्याला असे घट्ट धरून असतात की सोडवायला फार ऊर्जा लागते. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेनं 2015 मध्ये यावर सुंदर वाट दाखवली. सल्फेट पकडणारा रेणू आधी बनवायचाच नाही. टेरेफ्थाल्डिहाइड आणि अमिनोग्वानिडिनचा क्लोराइड क्षार त्याच पाण्यात टाकायचे. ते आपसूक जुळतात आणि दोन-दोन सल्फेट चार पाण्याच्या रेणूंसकट स्फटिकात बसवून घेतात. पाणी ओरबाडावंच लागत नाही! फळ्यावर हे काढताना मला दरवेळी भरून येतं.

नमुना तिच्या मामांच्या बोअरचा, वाळवा तालुक्यातला. अल्डिहाइड गार पाण्यात विरघळता विरघळत नाही, म्हणून कोमट करून रात्रभर ढवळत ठेवलं. सकाळी तळाशी पिवळसर साका. गाळून दोन परीक्षानळ्यांत आम्लाचे थेंब आणि बेरियम क्लोराइड टाकलं; सल्फेट असला की यानं पाणी दुधाळ होतं. मूळ पाणी दुधासारखं झालं, गाळलेलं नितळच राहिलं. पोरीनं नळी खिडकीशी धरली, हात थरथरत होता तिचा.

मामा मुद्दाम आले होते. म्हणाले, "मॅडम, आता खारेपणा किती राहिला ते बघा की."

ईसी मीटर बुडवला, म्हणजे पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून विरघळलेले क्षार दाखवणारा. आकडा कमी नव्हता, थोडा वरच होता.

समीकरण मला पाठ होतं. एक सल्फेट बाहेर गेला की दोन क्लोराइड पाण्यात उरतात, खारेपणा जात नाही. तरी आठ महिन्यांत मीटर बुडवायचं मला सुचलं नाही. आमच्या मूल्यमापनात नावीन्याला गुण असतात, पाणी कुणाच्या उसाला जाणार हे कुणी विचारत नाही.

"सल्फेटचं एवढं काय?" मामा शांतपणे म्हणाले. "चोपणात जिप्सम आमीच टाकतो की. मीठ जायला पायजे." चोपण म्हणजे सोडियमनं बिघडलेली जमीन, आणि जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेटच.

मुलगी काही बोलली नाही. मीही नाही. प्रयोग चुकला नव्हता, हे तिला त्या दिवशी सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सांगितलं.

जाताना मामांनी निचऱ्याच्या पाइपातल्या पाण्याचा कॅन ठेवला. क्लोराइडला धरेल अशी जाळी अशीच पाण्यात जुळवता येईल का, याची जुळणी मी वहीत मांडून बघतेय. कॅन अजून टेबलाखाली आहे.