कंटेसाचं नाक

आप्पांच्या कंटेसा गाडीच्या बॉनेटवर एक नाक होतं. काळं, फायबरचं, पुढून तोंड वासलेलं. १९९३ साली आप्पांनी पुण्याहून गाडी सेकंडहँड आणली, तेव्हा ते गाडीबरोबरच आलं. अख्ख्या गल्लीत नाक असलेली गाडी एकच, त्यामुळं आम्हा पोरांची छाती चार इंच फुगलेली असायची. आप्पा सांगायचे, "त्यातनं वारं आत जातं, इंजिन थंड राहतं."

२०१९च्या पुरात सांगलीत गावभागातल्या घरापुढं गाडी टपापर्यंत बुडाली. मग पाच वर्षं ताडपत्रीखाली. यंदा हळदीचा सीझन बरा गेला (मार्केट यार्डात आमची अडत आहे), म्हटलं काढूया बाहेर. शंभर फुटी रस्त्यावर मेस्त्रींनी इंजिन उतरवून केलं. राहिला रंग, आणि रंगाआधी नाक उतरवणं आलं.

चार स्क्रू, त्यातले तीन गंजून गेलेले. नाक उचललं तर खाली बॉनेटचा पत्रा अखंड! भोकं फक्त स्क्रूंची. आत पुराचा सुकलेला गाळ आणि त्याला चिकटून कुंभारमाशीनं बांधलेलं घर. छत्तीस-सदतीस वर्षांच्या गाडीच्या नाकातून एक फुंकरसुद्धा कधी इंजिनापर्यंत गेली नव्हती.

मी चिडलो. रात्री मोबाइलवर वाचत बसलो, तर कळलं की हा खोटेपणा पुण्याच्या कुणाचा नव्हेच. अमेरिकेत ज्या पाँटियाक जीटीओ गाडीपासून मसल कारचं, म्हणजे दांडग्या इंजिनाच्या गाड्यांचं, वेड पसरलं म्हणतात, तिच्या १९६४च्या मॉडेलवरची नाकंसुद्धा बंदच होती. १९६५चंही तसंच. खरी हवा हवी असेल तर डीलरकडून वेगळं किट घ्यायचं आणि नाकाची भोकं आपणच कापून काढायची.

खरं नाक काय करतं, तेही मेस्त्रींशी वाद घालता घालता समजलं. इंजिन थंड ठेवणं हे त्याचं कामच नाही, त्याला रेडिएटर आहे. नाकाचं काम कार्बोरेटरला बाहेरची गार हवा देणं. बॉनेटखालची हवा तापून विरळ होते. गार हवा दाट, तिच्यात ऑक्सिजन जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त जाळता येतं. फोर्डनं १९६९च्या मस्टँगला 'शेकर' दिला, तो थेट इंजिनावरच्या एअर क्लीनरला बसवलेला आणि बॉनेटच्या भोकातून वर आलेला. इंजिन थरथरलं की नाकही थरथरायचं. शेव्हरलेची युक्ती मला जास्त आवडली. १९७०च्या शेव्हेल एसएसमध्ये तोंड पुढं नाहीच, मागं काचेकडं. वेगात असताना काचेच्या पायथ्याशी हवा दाबून साठते, ती तिथून ओढायची. ॲक्सिलरेटर पुरता दाबला की झाकण आपोआप उघडणार.

आमच्या १८०० सीसीच्या इसुझू इंजिनाला यातलं काहीच नको होतं. म्हणून ठरवलं: नाक नाही, पट्टे मारायचे. पट्टा निदान आपण काही काम करतो असं तरी सांगत नाही. ब्रिग्ज कनिंगहॅम नावाचा अमेरिकन १९५०च्या दशकात फ्रान्समधल्या ल मांच्या मोटार शर्यतीत पांढऱ्या गाड्या घेऊन उतरायचा, त्यांवर निळे पट्टे असायचे. ते त्याच्या देशाचे रंग. पुढं १९६५ला शेल्बी कंपनीनं मस्टँगवरून केलेल्या जीटी३५०वर तेच पांढरं-निळं आलं, आणि टपावरून जाणारे रुंद पट्टे तर कित्येक गाड्यांना डीलरच मारून द्यायचे.

पण निळा आपला नव्हे. मिरजेचे चाचा, ज्यांची हयात ट्रक रंगवण्यात गेली, त्यांना मी राजापुरी हळकुंड मोडून दाखवलं. "आतला हा रंग पायजे." त्यांनी हळकुंड उजेडात धरलं, हुंगलं आणि तीन वेळा डबे मिसळून तो रंग काढला.

रेडियमचे पट्टे तासाभरात झाले असते. चाचांना दीड दिवस लागला. सात इंचांचे दोन पट्टे, मध्ये दीड इंच मोकळं. मी टेपनं मापं घेऊन खुणा केल्या होत्या, त्या त्यांनी सरळ पुसल्या. "भाऊ, माप बरोबर हाय, पण दिसंल वाकडं. बॉनेट फुगीर असतंय." मग गाडीपुढं पंधरा पावलं जाऊन उकिडवे बसले आणि तिथून पोराला सांगत राहिले, टेप डावीकडं घे, अजून, बास. पुढच्या टोकाला पट्टे मागच्यापेक्षा पाव इंच अरुंद आहेत. चाचांनी सांगितलं नसतं तर मला जन्मात कळलं नसतं.

यार्डात गाडी नेली तेव्हा हमालांनी एकच गिल्ला केला. "शेठ, गाडीला हळद लागली, अक्षता कधी?"

रविवारी आप्पांना कोल्हापूर रस्त्यानं फिरवायला नेलं. पट्ट्यांवरून त्यांनी नुसता हात फिरवला, बोलले काहीच नाहीत. अंकलीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा म्हणाले, "नाक काढलंस. बघ आता, गरम होणार."

मी हसून समजावायला तोंड उघडलं आणि मीटरकडं पाहिलं. काटा लालच्या जवळ. रेडिएटरमधला पुराचा गाळ काढायचाच राहिला होता.

आप्पांना मात्र अजून पटत नाही. नाक गोदामात आहे हे त्यांना ठाऊक आहे, आणि चाचांचा नंबर त्यांनी माझ्याकडून मागून घेतलाय.