जीटीओचं ४०० इंजिन : कॅम ठरला, ०६८

ब्लॉक बोअरिंगहून आला. १९६८च्या पॉन्टियाक जीटीओचं ४०० घनइंची इंजिन आता ३० थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हर आहे. बोअर ४.१२चा ४.१५ इंच झाला, स्ट्रोक तोच ३.७५. क्रँक आणि पिस्टन बसले, हेडं तयार आहेत. कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, ठरेना म्हणून गाडं अडलं होतं. स्प्रिंग, जेटिंग, डिस्ट्रिब्युटरचा ॲडव्हान्स, सगळं त्याच्यावरच ठरतं.

इथे मिशिगनमध्ये पॉन्टियाक बांधतोय म्हटलं की हमखास ०४१चं नाव निघतं. पॉन्टियाकच्या रॅम एअर फोर या जोरदार इंजिनाचा कॅम. त्याचा मान मोठा, आणि तो रास्तच आहे. ड्युरेशन (व्हॉल्व्ह क्रँकचे किती अंश उघडा राहतो, आधी इनटेक, मग एक्झॉस्ट) ३०८/३२० अंश, ५० थाऊ लिफ्टवर मोजलं तर २३१/२४०. पण कंपनीने तो एकटा दिला नव्हता. सोबत गोल पोर्टची हेडं होती, १.६५ गुणोत्तराचे रॉकर (कॅमची हालचाल वाढवून व्हॉल्व्हला देणारे) होते आणि मागे ३.९० गिअर गुणोत्तराचा ॲक्सल. माझ्या गाडीत साधी डी-पोर्ट हेडं (१६ नंबर), १.५चे रॉकर, टर्बो हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, त्याचा मूळचा कन्व्हर्टर आणि ३.२३चा ॲक्सल. त्यात ०४१ घातला तर सिग्नलवरून निघताना गाडी जड वाटेल. तो कॅम जिथे रंगात येतो, त्या आरपीएमला माझी गाडी रोजच्या रस्त्यावर फारशी जाणारच नाही.

पिकअप का जातो, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन तळाला पोहोचल्यावर लगेच मिटत नाही. पिस्टन वर यायला लागला तरी काही अंश उघडाच असतो. आरपीएम जास्त असले की आत येणाऱ्या हवेला वेग असतो, ती तरीही भरत राहते. आरपीएम कमी असले की पिस्टन तीच हवा मॅनिफोल्डमध्ये परत ढकलतो. ड्युरेशन वाढवलं की व्हॉल्व्ह आणखी उशिरा मिटतो, सिलिंडरमधला दाब कमी होतो आणि खालचा टॉर्क जातो.

मग छोटा कॅम घालून मोकळं व्हावं, तर तिथे पेट्रोल आडवं येतं. ब्युरेटने चेंबर मोजले, ७३ सीसी भरले. गॅस्केट, डेक आणि पिस्टनच्या खाचा धरून कॉम्प्रेशन १०ला किंचित वर निघालं. त्या काळच्या जाहिरातीत १०.७५ होतं, पण तेव्हा शिसं घातलेलं प्रीमियम मिळायचं. आज पंपावर ९३ ऑक्टेन मिळतं आणि हेडं बिडाची. इनटेक फार लवकर मिटला तर दाब वाढून चढावर नॉकिंग सुरू होणार. हल्ली ११० अंशांच्या लोब सेपरेशनचे (इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबांमधला, म्हणजे कॅमवरच्या उंचवट्यांमधला कोन) कॅम बरेच जण घालतात. त्यातही इनटेक लवकर मिटतो, शिवाय ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ) वाढल्याने आयडलला व्हॅक्यूम पडतो. माझे ब्रेक बूस्टरवर आहेत, आणि तो याच व्हॅक्यूमवर चालतो. व्हॅक्यूम पाऱ्याच्या १५ इंचांच्या खाली गेलेला मला चालणार नाही. अशा कॅमचा तो धडधडणारा आवाज मलाही मनापासून आवडतो, पण ब्रेक त्याहून महत्त्वाचे.

म्हणून ०६८. १९६७च्या एचओ (हाय आउटपुट) इंजिनात हाच होता. २८८/३०२, ५० थाऊवर २१२/२२५. दाब थोडा सोडतो, खालचा जोर फारसा घालवत नाही, लोब सेपरेशनही रुंद आहे. मेलिंगचा एसपीसी-७ घेतला, तोच ग्राइंड, म्हणजे लोबांचा आकार तोच. मेलिंग इथल्याच जॅक्सनची. हायड्रॉलिक रोलर कॅमचाही विचार केला होता. चांगली वस्तू आहे, पण या इंजिनाला तेवढा खर्च मला पटला नाही.

शनिवारी कॅम डिग्री केला, म्हणजे तो क्रँकशी नेमका जुळतो का ते मोजलं. क्रँकवर डिग्री व्हील, एक नंबरच्या बोअरवर पिस्टन स्टॉप. क्रँक आधी एका बाजूने फिरवून स्टॉपला टेकवला, मग उलट्या बाजूने. दोन आकड्यांचा मध्य म्हणजे खरा टीडीसी, पिस्टनचा सर्वांत वरचा बिंदू. मग इनटेकच्या टॅपेटवर (कॅमच्या लोबवर टेकणारा भाग) डायल गेज लावून ५० थाऊला उघडताना आणि मिटताना रीडिंग घेतलं. दोन्ही आकडे कॅमसोबत आलेल्या कार्डापेक्षा दोन अंश उशिरा. टायमिंग सेटच्या क्रँक गिअरला नऊ खाचा आहेत, शेजारची खाच वापरली आणि आकडे जुळले. गिअरांच्या ठिपक्याला ठिपका लावून कव्हर बंद करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, हे एकदा मोजाच.

पुढचं काम रनिंग-इनचं. फ्लॅट टॅपेट आहे, म्हणून टॅपेट सगळे नवे, लोबवर मॉली पेस्ट आणि झिंक भरपूर असलेलं ऑइल. पॉन्टियाकचा ऑइल पंप डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवर चालतो. डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिल उलट्या दिशेने फिरवायचं, सोळाही रॉकरांतून ऑइल वर आलेलं दिसेपर्यंत. सुरू झाल्याबरोबर २,००० आरपीएम, पुढची २० ते ३० मिनिटं आयडलला आणायचं नाही. स्प्रिंगचं सीट प्रेशर तपासून आलं की हेडं चढवतो. व्हॅक्यूम गेजचा आकडा पुढच्या नोंदीत देईन.