तालिनला बिऱ्हाड हलवताना

एस्टोनियात राहायला जायचे ठरले, तेव्हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न व्हिसाचा असायचा आणि दुसरा थंडीचा. आता इथे रुळल्यावर वाटते, क्रम उलटा हवा. कागदपत्रांची वाट ठरलेली आहे, त्या वाटेने चालले की काम होते. खरी तयारी लागते ती घर, पहिला हिवाळा आणि नोकरी नसलेल्या जोडीदाराची सोय यासाठी, आणि त्याबद्दल आधी कोणी सांगत नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

देश छोटा आहे. साधारण १३ लाख ७० हजार माणसे, म्हणजे पुणे शहराच्या निम्म्याहूनही कमी. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याइतके, त्यातली निम्मी जमीन जंगलाखाली, आणि उत्तर-पश्चिमेला बाल्टिक समुद्र. १९९१मध्ये सोव्हिएत संघातून पुन्हा स्वतंत्र, २००४पासून युरोपीय संघात, २०११पासून चलन युरो. नवऱ्याला राजधानी तालिनमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी मिळाली आणि आम्ही पुण्याहून तिघे निघालो: तो, मी आणि बालवाडीच्या वयाची मुलगी.

आधी कागदांचे सांगते. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्यांसाठी एस्टोनिया दरवर्षी निवास परवान्यांचा कोटा ठरवते. तो लोकसंख्येच्या ०.१ टक्का इतकाच असल्यामुळे लवकर संपतो. माहिती-तंत्रज्ञानातल्या नोकऱ्या या कोट्याबाहेर आहेत. तुमची नोकरी दुसऱ्या क्षेत्रातली असेल, तर ‘आमचा परवाना कोट्यात येतो का?’ हा प्रश्न कंपनीला ऑफर स्वीकारण्याआधी विचारा. अर्ज दिल्लीतल्या एस्टोनियाच्या वकिलातीत स्वतः जाऊन द्यावे लागले, बोटांचे ठसेही तिथेच घेतात. विवाहाचा दाखला आणि मुलीचा जन्मदाखला यांवर आधी राज्य सरकारचे प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टील (दाखला परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा शिक्का), असा क्रम असतो. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. नावांचे स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळते का, हे अपोस्टीलला पाठवण्यापूर्वी तपासा. नंतर दुरुस्ती करायची तर सगळा क्रम पहिल्यापासून सुरू होतो.

इथे पोहोचल्यावर सगळे एका अकरा अंकी क्रमांकाभोवती फिरते. त्याला इसिकुकोद म्हणतात. बँक, डॉक्टर, शाळा, औषधाचे दुकान, सगळीकडे हाच क्रमांक चालतो. निवास परवान्याच्या कार्डाबरोबर एका पाकिटात दोन पिन मिळतात. पहिली ओळख पटवायला, दुसरी सही करायला. दुसऱ्या पिनने केलेली सही कायद्याने हाताच्या सहीइतकीच खरी, त्यामुळे घराचा करार आम्ही स्वयंपाकघरात बसून केला. पिन तीनदा चुकली तर कुलूपबंद होते आणि ते उघडायचा क्रमांक त्याच पाकिटात असतो. ते पाकीट पासपोर्टच्या जोडीला ठेवा.

त्यानंतरचे तातडीचे काम म्हणजे पत्त्याची नोंद. ती महिन्याभरात करायची असते. घराच्या करारात ‘भाडेकरूला या पत्त्यावर नोंद करता येईल’ असे वाक्य आहे का, ते बघूनच पैसे द्या. नोंद करू न देणारे मालक इथेही भेटतात. तालिनमध्ये नोंदवलेल्या रहिवाशांना २०१३पासून शहरातल्या बस, ट्राम मोफत आहेत (प्रवासाचे हिरवे कार्ड घेऊन ते आपल्या क्रमांकाशी जोडावे लागते). पालिकेच्या बालवाडीतली जागाही याच नोंदीवर मिळते.

आता घराचे. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण पहिल्या वर्षाचे सुखदुःख यावरच ठरते. जाहिरातींमध्ये सगळ्यात देखणी दिसतात ती कालामाया भागातली जुनी लाकडी घरे. रंगीत भिंती, लाकडी जिने, रेल्वे स्टेशनाजवळचा बाजार चालत जाण्याच्या अंतरावर. त्यातल्या बऱ्याच घरांत अजून लाकडाची भट्टी पेटवून ऊब आणतात. म्हणजे सरपण आणायचे, रोज पेटवायचे, राख काढायची, आणि धुराड्याचे झाकण वेळेआधी बंद केले तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका. अशा घरात त्या वायूचा इशारा देणारे यंत्र कायद्याने बंधनकारक आहे, ते लावलेले दिसते का पाहा. लहान मूल असलेल्या, नव्याने आलेल्या कुटुंबाने पहिल्या हिवाळ्यात हे अंगावर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आम्ही मुस्तामे भागात सोव्हिएत काळातल्या काँक्रीटच्या इमारतीत घर घेतले. बाहेरून अगदी साधी इमारत. पण शहराच्या मध्यवर्ती केंद्रातून गरम पाणी नळांनी येते आणि घर दिवसरात्र उबदार राहते. अशा इमारतींतही दोन प्रकार असतात: बाहेरून नवे उष्णतारोधक आवरण चढवलेल्या आणि न चढवलेल्या. फरक बिलात दिसतो. भाड्याखेरीज हीटिंग, पाणी, सफाई आणि सोसायटीचा खर्च मिळून वेगळे मासिक बिल येते, आणि ते उन्हाळ्यात थोडे, हिवाळ्यात कितीतरी जास्त असते. म्हणून घर पसंत पडले की मालकाकडे एकच कागद मागा: गेल्या जानेवारी किंवा फेब्रुवारीचे बिल. त्यातला दुरुस्ती निधी कोण भरणार, हेही तेव्हाच करारात लिहून घ्या. आपल्याकडे घराला उजेड कुठून येतो, वारा कुठून येतो हे बघायची सवय असते. इथे खिडक्या किती काचांच्या आहेत आणि त्यांच्या फटीतून थंड हवा येते का, ते हात लावून बघा.

कधी यावे? जमत असेल तर ऑगस्टमध्ये. शाळा १ सप्टेंबरला सुरू होतात आणि अंधार पडण्याआधी शहर ओळखीचे होते. नोव्हेंबरमध्ये येणाऱ्यांबद्दल मला काळजी वाटते. बर्फ अजून टिकत नाही, सगळीकडे ओले, काळे आणि राखाडी. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य सव्वानऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी साडेतीनच्या आत मावळतो. थंडीला कपडे आहेत, अंधाराला शिस्तच लागते. जेवणाच्या सुट्टीत रोज बाहेर चालून यायचे, ढग असले तरी. ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलायचे. बर्फ साचला की तोच उजेड परावर्तित होऊन दिवस मोठा भासतो, आणि जून येईपर्यंत रात्री अकरालाही बाहेर वाचता येते.

जाड जॅकेट भारतातून विकत आणू नका, सामानाचे वजन लोकरीच्या आतल्या कपड्यांसाठी ठेवा. मुलांना इथे सबंध अंग झाकणारा बर्फाचा पोशाख लागतो. बालवाडीतली मुले थंडीतही रोज बाहेर खेळतात, आणि मुले भराभर वाढत असल्याने चांगले पोशाख जुन्या कपड्यांच्या दुकानांत स्वस्तात मिळतात. अंधारात चालताना कपड्यांना लटकवलेला परावर्तक, हेल्कुर, मोठ्यांनाही बंधनकारक आहे. नसेल तर दंड होतो, पण खरे कारण ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही, हे आहे. फूटपाथवर बर्फाची काच होते, तेव्हा बुटांना बाहेरून चढवायचे खिळ्यांचे पट्टे घ्या. एखाद्या इमारतीसमोर फूटपाथ फीत लावून बंद केला असेल तर वर छताला बर्फाचे सुळे लटकत असतात. त्या फितीखालून जाऊ नये.

आता जोडीदाराबद्दल, आणि हे बायकांनी (किंवा नोकरी सोडून आलेल्या नवऱ्यांनी) नीट वाचावे. नोकरी करणाऱ्याचा आरोग्य विमा नोकरीची नोंद झाल्यावर १४ दिवसांनी सुरू होतो. मुलांना तो मिळतो. नोकरी नसलेल्या जोडीदाराला केवळ लग्नाच्या नात्याने तो मिळेलच असे नाही. लहान मूल सांभाळणाऱ्या पालकासाठी काही तरतुदी आहेत, त्यात आपण बसतो का ते विमा निधीकडे, म्हणजे तेर्विसेकास्सात, विचारावे. नाहीतर खासगी विमा घेऊनच विमानात बसावे. विमा चालू झाला की घराजवळच्या कौटुंबिक डॉक्टरकडे अर्ज करा. तज्ज्ञाकडे जाण्याचा रस्ता बहुधा त्याच्याकडूनच जातो. पगाराचे आकडेही इथे करापूर्वीचे सांगतात, तेव्हा हातात किती येणार ते मांडूनच भाडे ठरवा.

मुलीला आम्ही एस्टोनियन बालवाडीत घातले. सप्टेंबर २०२४पासून सरकारने रशियन माध्यमाच्या बालवाड्या आणि शाळाही टप्प्याटप्प्याने एस्टोनियन माध्यमाकडे न्यायला सुरुवात केली आहे, त्यामुळे काही वर्षे राहायचे असेल तर हाच मार्ग सरळ. एस्टोनियन माणसांची संख्या आपल्या एखाद्या जिल्ह्यापेक्षा कमी, आणि विद्यापीठापर्यंतचे शिक्षण ती आपल्या भाषेत देतात. तार्तूचे विद्यापीठ १९१९पासून एस्टोनियन भाषेत चालते. मराठी शाळेत शिकलेल्या मला याचा मनापासून आदर वाटतो. नवागतांसाठी ‘सेटल इन एस्टोनिया’ हा सरकारी कार्यक्रम आहे, त्यात पहिल्या पायरीचा भाषेचा वर्ग मोफत मिळतो. आल्या आल्या नाव घाला. जिन्यात शेजारी स्वतःहून फारसे बोलत नाहीत, त्याचा राग मानू नये. त्यांच्या भाषेत नमस्कार केला की हळूहळू मान हलते, मग चौकशी होते.

स्वयंपाकाची चिंता नको. डाळी, कणीक, मसाले भारतीय दुकानांत मिळतात. दही, ताक, लोणी उत्तम. कामा नावाचे पीठ जरूर आणा: राय, ओट, सातू आणि वाटाणे भाजून दळलेले, आपल्या सातूच्या पिठासारखे, आणि इथले लोक ते ताकासारख्या केफिरमध्ये कालवून खातात. आमच्या घरी सकाळचा नाश्ता आता तोच.

मी गुहागरची, म्हणून समुद्राबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. बाल्टिकला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, पाणी जेमतेम खारट, लाटा लहान, आणि कडक हिवाळ्यात किनाऱ्याला गोठतो. सुरुवातीला मला तो समुद्रच वाटेना. जुलैत पार्नू या किनाऱ्यावरच्या शहरी उथळ पाण्यात मुलीबरोबर बरेच आत चालत गेले, तरी पाणी गुडघ्यापर्यंतच होते, आणि तेव्हा तो आवडला. गोठलेल्या पाण्यावर मात्र कोणाच्या पावलांमागे जाऊ नका. चालायला परवानगी आहे का, ते आधी विचारा.

उन्हाळ्यात जंगल हेच करमणुकीचे ठिकाण असते. सरकारी जंगलात ब्लूबेरी कोणीही वेचू शकतो, वनखात्याच्या झोपड्या आणि शेकोटीच्या जागा मोफत आहेत, आणि लाहेमा राष्ट्रीय उद्यानातल्या विरू दलदलीवरची लाकडी पायवाट लहान मुलांनाही जमते. मशरूम जाणकार सोबत असल्याशिवाय तोडू नयेत. गवतात गोचीड असते आणि तिच्या चाव्याने मेंदूज्वर होऊ शकतो, त्यावर लस आहे. पहिल्या दोन डोसांमध्ये एक ते तीन महिने आणि तिसऱ्याआधी आणखी काही महिने जातात, म्हणून सुरुवात थंडीतच करावी. पहिला डोस जानेवारीत घेतला, तर गोचीड बाहेर पडण्याआधी दोन डोस पुरे होतात.