देवगड ते पुणे, आठ पेट्या : डिकी भरण्याआधी वजन भरतं

मे महिन्यात देवगडला गेलेली गाडी रिकामी परतत नाही. बागेतल्या आंब्याच्या पेट्या, घरचा तांदूळ, कोकमाचं आगळ, आणि निघता निघता कुणीतरी पायरीवर आणून ठेवलेला फणस. हा वृत्तांत अशा परतीच्या फेरीचा आहे. वाट देवगड, नांदगाव तिठा, तळेरे, वैभववाडी, करूळ घाट, गगनबावडा, कोल्हापूर आणि पुढे राष्ट्रीय महामार्ग ४८ ने पुणे, अशी पावणेचारशे किलोमीटरच्या आसपासची. गाडी चार मीटरच्या आतली पेट्रोल एसयूव्ही. तीन मोठी माणसं, चार वर्षांचं एक मूल आणि पाच डझनी पेट्या आठ.

आठच का, याचं उत्तर गाडीच्या पुस्तिकेत आहे. तिथे दोन वजनं दिलेली असतात, रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं कमाल. या गाडीची ती ११७० आणि १६०० किलो. मधले ४३० किलो म्हणजे माणसं, सामान, पाण्याच्या बाटल्या, सगळं धरून. तीन माणसांचे सत्तरच्या हिशेबाने २१०. मूल आणि त्याची सीट मिळून २२. तीन बॅगा ३०. पाच डझनी पेटीत साठ आंबे, एक फळ अडीचशे ग्रॅमचं धरलं तर १५ किलो, पेटी आणि पेंढ्याचे दोन, असे १७. आठ पेट्यांचे १३६. तांदूळ १०, सोललेले डझनभर नारळ ७, पाच लिटर आगळ ६, पाणी ५. बेरीज ४२६.

म्हणजे वजन संपलं. पण डिकीकडे बघून ते कळत नाही, आणि घोळ नेमका तिथेच होतो. मागच्या सीटची पाठ पाडली तर छतापर्यंत मोकळी जागा दिसते, अजून पाच-सहा पेट्या सहज मावतील. त्या चढवल्या की आणखी शंभर किलो झाले. मागच्या स्प्रिंगा बसतात, गावातल्या प्रत्येक गतिरोधकाला खालून घासतं, ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं आणि टायरच्या बाजू तापतात. फणस घ्यायचाच असेल तर तांदूळ ठेवून या. बॅगा तोलायचा हातातला छोटा काटा सोबत असला की अंदाजावर भागवावं लागत नाही. सीएनजी गाडीवाल्यांनी हा हिशेब दुप्पट काळजीने करावा. टाकीचं वजन रिकाम्या गाडीच्या आकड्यात आधीच धरलेलं असतं, त्यामुळे उरणारा वाव कमी असतो. शिवाय टाकीच्या व्हॉल्व्हवर किंवा नळीवर पेटी टेकता कामा नये.

आदल्या संध्याकाळी

डिकी रिकामी असतानाच स्टेपनीची हवा बघा. पेट्या चढल्यावर तिच्यापर्यंत पोचायचं म्हणजे १३६ किलो रस्त्याच्या कडेला उतरवणं. जॅक, पाना आणि परावर्तक त्रिकोण आत्ताच बाहेर काढून कापडात गुंडाळा आणि डिकीच्या बाजूच्या खोबणीत पट्ट्याने आवळून ठेवा. ट्यूबलेस टायरचं पंक्चर काढायचा संच आणि बारा व्होल्टवर चालणारा हवेचा पंप मात्र पुढे, हाताशी. खिळ्याचं साधं पंक्चर तेवढ्यावर निभतं, स्टेपनीला हात लावावा लागत नाही. पंप चालवताना इंजिन सुरू ठेवा आणि त्याच सॉकेटवर दुसरं काही जोडू नका.

चाकांतली हवा गार टायरवर मोजायची. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर एक पाटी असते, तिच्यावर कमी माणसांचा आणि पूर्ण भाराचा असे दोन वेगळे आकडे असतात. या गाडीत मागच्या चाकांसाठी ते ३३ आणि ३६. बहुतेक जण वर्षभर ३३ वरच फिरतात आणि भरल्या गाडीलाही तेच ठेवतात. वाटेत टायर तापून आकडा तीन-चारने वाढलेला दिसेल. ती वाढ अपेक्षित आहे, हवा काढू नका.

मुलाची सीटही आदल्या दिवशीच बसवा. मुलाची सीट गाडीला अडकवायच्या आयसोफिक्सच्या दोन कड्यांखेरीज वरून मागे जाणारा एक पट्टा असतो. त्याची कडी अशा गाड्यांत बहुधा मागच्या सीटच्या पाठीला, डिकीच्या बाजूने असते. पेट्या आधी भरल्या तर तिथे हात जात नाही आणि तो पट्टा तसाच लोंबत राहतो. मग धक्क्याला सीट पुढे कलंडते.

भरताना

पार्सल ट्रे, म्हणजे डिकी झाकणारी फळी, घरीच ठेवून निघालेलं बरं. त्याच्यावर काही ठेवायचं नसतंच, आणि तो असला की एसीची गार हवा डिकीत उतरत नाही. आंब्याला ती लागते.

डिकीच्या तळाशी जुनी रबरी चटई किंवा योगा मॅट पसरा. पुठ्ठा गालिच्यावर सहज सरकतो, रबरावर नाही. खालच्या थरात चार पेट्या, दोन-दोनच्या ओळीत. वर तशाच चार. तिसरा थर नको, खालच्या पुठ्ठ्याच्या पेट्या दबतात आणि आंब्याला डाग पडतो. पेट्यांची भोकं एकमेकींवर दाबून बंद होणार नाहीत असं बघा. पुढची ओळ सीटच्या पाठीला घट्ट टेकली पाहिजे. मध्ये चार बोटं जरी फट राहिली तरी जोरात ब्रेक लागताच सगळ्या पेट्या एकदम पाठीवर आदळतात. उरलेल्या फटी गोधडीने, टॉवेलने भरा. मग डिकीच्या तळातल्या चार कड्यांतून दोन रॅचेट पट्टे (खटक्याने आवळायचे) फुलीसारखे टाकून आवळा. सुतळी किंवा काथ्याची दोरी चालत नाही, पन्नास किलोमीटरमध्ये सैल पडते.

दोन थरांची उंची सीटच्या पाठीच्या खालीच राहते. त्यामुळे आतल्या आरशातून मागचं दिसतं आणि मागच्या काचेला काही घासत नाही. काचेवरचं धुकं घालवणाऱ्या डिफॉगरच्या बारीक तारा पेटीच्या कोपऱ्याने खरवडल्या की ती रेघ कायमची बंद पडते.

सीटची पाठ पाडण्याचा मोह टाळा. सामान आणि माणसं यांच्यामध्ये असलेली भिंत तीच. ताशी ८० च्या वेगात गाडी आदळली तर सुट्या वस्तूचा वेग पंचवीस मीटरवरून, म्हणजे साधारण आठ मजल्यांवरून पडलेल्या वस्तूइतका असतो. सतरा किलोची पेटी त्या वेगाने पुढे येणं काय असतं, हे वेगळं सांगायला नको. पाठ पाडावीच लागली तर पाडलेल्या भागाशेजारी कुणी बसू नये. आधी डोकं टेकायचा भाग खाली करा, पट्टा बाजूच्या क्लिपमध्ये अडकवा आणि पट्ट्याची कुलुपं सीटखाली दबली नाहीत ना ते बघा. पाठ परत उभी केल्यावर दोन्ही हातांनी जोरात ओढून पाहा. काही गाड्यांत कडी नीट बसली नसेल तर खटक्यापाशी लाल खूण दिसते. ती दिसत असेल तर सीट अडकलेली नाही.

तिन्ही बॅगा मागच्या मधल्या सीटवर, मऊ बाजू मुलाकडे करून, आणि त्यांच्यावरून सीटबेल्ट. पट्टा लावल्याने गाडीचा टुणटुण आवाजही थांबतो. आवाज बंद करायला नुसती धातूची खोटी क्लिप मिळायची. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ साली पाच ई-कॉमर्स कंपन्यांना तिची विक्री थांबवायला सांगितलं. कुणाच्या गाडीत अजून असेल तर काढून टाका. मागच्या माणसाचा पट्टा पुढच्याइतकाच आवश्यक आहे. मागचा माणूस उडाला की तो पुढच्या सीटवरच येतो.

तांदळाची पिशवी आणि नारळांचं पोतं यांच्यासाठी उत्तम जागा म्हणजे मुलाच्या सीटपुढची, पाय ठेवायची जमीन. मुलाचे पाय तिथपर्यंत पोचत नाहीत, वजन खाली आणि गाडीच्या मध्याजवळ येतं, आणि पुढच्या सीटची पाठ ते अडवते. मुलाच्या सीटला जमिनीवर टेकणारा आधाराचा पाय असेल तर मात्र ही जागा मोकळी सोडा. आगळाचा कॅन झाकणाखाली प्लास्टिक लावून बादलीत उभा करा. आंबट आणि खारट पाणी गालिच्याखाली झिरपलं तर डाग जात नाही आणि पत्रा गंजतो. सुकी मासळी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यातच. फणस घेतलात तर कापडाची चुंबळ करून त्यावर, डिकीच्या कोपऱ्यात, पेट्यांच्या पट्ट्याखाली अडकवून. सुटा फणस प्रत्येक वळणाला पेटी ठोकत राहतो.

पाण्याची बाटली दाराच्या कप्प्यातच. ड्रायव्हरच्या पायाशी घरंगळलेली एक लिटरची बाटली ब्रेकच्या पेडलखाली अडकली की ब्रेक दाबला जात नाही. पायपुसण्यावर दुसरं पायपुसणं टाकू नका, तेही पेडलला अडतं. डॅशबोर्डवरची गणपतीची मूर्ती किंवा अत्तराची बाटली एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलेली असेल तर निघायच्या आधी काढून ठेवा. छतालगतच्या हुकाला फक्त मऊ कपडा. तारेचा हँगर पडदा-एअरबॅग (खिडकीवर छतातून उतरणारी) उघडताना फेकला जातो.

छतावर काहीच नेलं नाही, आणि आंबे तर कधीच नेऊ नयेत. उन्हात भाजतात. अनेक गाड्यांच्या छतावरच्या पट्ट्या निव्वळ शोभेच्या असतात. पुस्तिकेत छताचा भार दिला असेल तरच कॅरियर लावा, आणि कॅरियरचं वजनही त्यातच धरा.

रस्त्यावर

पहाटे साडेचारला निघणं सोयीचं. पेट्या गार असतात आणि घाट उजेडात लागतो. पण नांदगावपर्यंतचा दुपदरी रस्ता अंधारात असतो, आणि डिकी भरली की गाडीचं नाक वर जातं. हेडलाइटचा झोत सरळ समोरच्याच्या डोळ्यांत. स्टिअरिंगच्या बाजूला ० ते ३ आकड्यांची एक छोटी चकती असते, ती याच कामासाठी. आकडा वाढवला की झोत खाली येतो. कोणत्या भाराला कोणता आकडा, याचा तक्ता पुस्तिकेत असतो. या भाराला २ बरोबर बसला. समोरचे डिपर मारत असतील तर आधी ही चकती बघा. आरसेही सामान भरल्यानंतरच लावायचे, आधी लावलेले चुकतात.

नांदगाव तिठ्याला थांबून पट्टे पुन्हा आवळले. पहिल्या वीस-तीस किलोमीटरमध्ये पेट्या बसतात आणि पट्टा सैल होतो, हे दर वेळी होणारच.

करूळ घाट या दिशेने चढाचा. दुसरा-तिसरा गिअर, एकसारखा वेग, वळणाआधीच गिअर खाली. चढावर पेट्यांचा दाब पुढे नसून मागच्या दारावर येतो. गगनबावड्याला चहासाठी थांबून डिकी झटक्यात उघडली तर वरची पेटी पायावर. दार हाताने धरून, हळूहळू उघडा. वर ढग असतील तर काचा धुरकटतात. आतून धुरकटल्या तर एसी सुरू, बाहेरची हवा घ्यायचं बटण आणि झोत काचेकडे. बाहेरून धुरकटल्या तर काच जास्त गार झालेली असते. वायपर मारा आणि एसीचं तापमान दोन अंशांनी वाढवा.

एसी चोवीस-पंचवीसवर, वाऱ्याची तोंडं छताकडे, म्हणजे हवा मागपर्यंत जाते. आतलीच हवा फिरवत ठेवायचं बटण तासन्‌तास दाबून ठेवू नका. चार माणसांच्या श्वासाने हवा जड होते आणि ड्रायव्हरला झापड येते. अर्ध्या तासाने पाच मिनिटं बाहेरची हवा आत घ्या. कोल्हापूरला जेवायचं तर गाडी सावलीत, आणि थांबा अर्ध्या तासाचा. उन्हातली बंद गाडी आंब्यासाठी भट्टीच असते. गाडीत मूल तर एक मिनिटही एकटं ठेवायचं नाही.

पुढे कराड, सातारा हा टप्पा सरळ आहे. भरली गाडी ऐंशीच्या वर नेऊ नका आणि पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा दीडपट अंतर ठेवा. लक्ष द्यायची जागा शेवटी येते. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंतचा लांब उतार. ब्रेक तापून निकामी झालेल्या अवजड वाहनांचे तिथे वारंवार अपघात झाले आहेत. बोगदा संपायच्या आतच तिसरा गिअर घ्या, ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल किंवा एल, म्हणजे खालचा गिअर. इंजिनाने गाडी धरली पाहिजे. ब्रेक थोडा वेळ ठाम दाबून सोडायचा, पाय ठेवून घासत न्यायचा नाही. न्यूट्रल अजिबात नको. मागे ट्रक आहे का ते आरशात बघत राहा आणि डावीकडची लेन धरा.

उतरवल्यावर

पेट्या त्याच दिवशी उघडा. बंद पेटीत आंबे एकमेकांच्या उष्णतेने असमान पिकतात; पेंढ्यावर पसरून अढी लावा, दबलेले आधी बाजूला काढा. हेडलाइटची चकती ० वर आणा, नाहीतर उद्या रात्री रस्ता दिसणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, टायर गार असताना, हवा पुन्हा ३३ करा. जॅक आणि पाना जागेवर ठेवा. मागच्या सीटबेल्टच्या कुलपांत पेंढ्याच्या काड्या अडकलेल्या असतील. त्या सुईने नाही, व्हॅक्यूमने काढा आणि प्रत्येक पट्टा लावून, झटका देऊन बघा. काडी आत राहिली तर कुलूप टक आवाज करतं, पण धरत नाही.