मृग ते आश्लेषा: दोन कराटे ड्रेस, एक पावसाळा

आपल्या बेळगाव भागात, त्यातही खानापूरच्या बाजूला, कराटेचा ड्रेस किती भारी यापेक्षा तो किती तासांत वाळतो हे आधी बघावं लागतं. म्हणून यंदा दोन ड्रेस शेजारी शेजारी ठेवून नोंद चालू आहे. एक 12 औंसांचा निव्वळ सुती, दुसरा 8 औंसांचा सुती-पॉलिएस्टर मिश्र. औंस म्हणजे चौरस यार्डभर कापडाचं वजन. 12 औंस म्हणजे चौरस मीटरला सुमारे 400 ग्रॅम. दोन्ही 4 नंबरचे, म्हणजे 170 सें.मी. उंचीसाठी. नंबर एकाने वाढला की उंची 10 सें.मी. वाढते.

मृग

कोऱ्या ड्रेसची मापं जमिनीवर पसरून घेतली. सुती जाकीट एका बाहीच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 152 सें.मी., पँटची बाहेरची उंची 98. रात्रभर साध्या गार पाण्यात, साबण न घालता भिजवला. सकाळी पाणी गढूळ आणि बोटांना बुळबुळीत: ती खळ. ती निघाल्याशिवाय साबण लावला तर कापडावर चिकट थर बसतो आणि घाम शोषला जात नाही. पाणी दोनदा बदललं.

तिसऱ्या धुण्यानंतर जाकीट 145, पँट 94. मिश्र कापडाचं जाकीट 150 वरून 148.5. म्हणजे सुती ड्रेस चार-साडेचार टक्के आटला, मिश्र जेमतेम एक टक्का. दुकानात अंगाला बरोबर बसणारा सुती ड्रेस घेऊ नका, तो महिन्याभरात तोकडा होतो.

लांबी कमी करायची तर तिसऱ्या धुण्यानंतरच शिंप्याकडे द्या. स्पर्धेत बाही किंवा पँट दुमडून चालत नाही. जागतिक कराटे महासंघाच्या नियमाप्रमाणे बाही मनगटाच्या पुढे जाऊ नये आणि कोपर-मनगटाच्या मध्यापेक्षा वर राहू नये. पँटने नडगीचा दोन तृतीयांश भाग झाकावा, पण घोट्याखाली उतरू नये.

घेतानाच पँटचं आसन उलटं करून बघा. तिथे वेगळी कळी जोडलेली आणि दुहेरी टीप हवी. नुसती सरळ शिवण असेल तर मावाशी गेरी, म्हणजे बाजूने फिरवून मारायची लाथ, मारताना पहिली तीच उसवते.

आर्द्रा

पाऊस लागून राहिला. सोप्यात दोरीवर पंख्याखाली 12 औंसांचा ड्रेस वाळायला 40 तास लागले, आणि तरीही गळपट्टी आतून ओलसरच. तिथे कापडाचे थर एकावर एक शिवलेले असतात, वारा आत पोचत नाही. हाताला कोरडी लागते, गालाला लावली की गार लागते. ओल ओळखायची हीच खूण. कुबट वास इथूनच सुरू होतो.

दोरी काढून वेळूची काठी दोन्ही बाह्यांतून आरपार घातली, जाकीट उलटं केलं, पुढचे दोन्ही पल्ले उघडे सोडले. पाठ आणि पल्ले एकमेकांना चिकटेनासे झाले आणि वेळ 31 तासांवर आला. मिश्र ड्रेस त्याच काठीवर 14 तासांत कोरडा. रोजच्या क्लासला या दिवसांत 8 औंसांचे दोन ड्रेस आलटून पालटून वापरावेत, असं आमचं स्पष्ट मत झालं आहे. कातामध्ये, म्हणजे ठरलेल्या हालचाली क्रमाने करताना, बाहीचा जो खणखणीत फटका ऐकू येतो तो जाड कापडाचा, हे खरंच. पण तो ड्रेस दिवाळीनंतरच्या ग्रेडिंगसाठी, म्हणजे बेल्टच्या परीक्षेसाठी, राखून ठेवा. मिश्र कापडात घामाचा वास जास्त मुरतो. धुण्याआधी अर्धा तास बादलीभर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा पुरतो.

तरणा पाऊस

बॅजच्या मागे आणि काखेत बुरशीचे बारीक काळे ठिपके. कारण एकच: क्लासवरून आलेला ड्रेस रात्रभर बॅगेत राहिला. ऑक्सिजनवालं ब्लीच, पाच लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा, चार तास. ठिपके फिके झाले, पुरते गेले नाहीत. क्लोरीनचं ब्लीच घामाच्या डागावर घालू नका. डाग आणखी पिवळा पडतो आणि सुताची ताकद जाते.

तांबड्या मातीचे डाग लोहाचे असतात, त्यांना ब्लीच लागू पडत नाही. आधी माती वाळू द्या, झटका, मग लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवा. लिंबूसत्व आणि क्लोरीनचं ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो. अथणी, गोकाककडे बोअरच्या जड पाण्याने ड्रेस करडा आणि कडक होतो, त्यालाही शेवटच्या पाण्यात अर्धा चमचा लिंबूसत्व घाला. रक्ताला फक्त गार पाणी, लगेच. गरम पाण्याने रक्त कापडात शिजून बसतं.

रंगीत बेल्ट ड्रेसबरोबर भिजवू नका. एका नारिंगी बेल्टने पांढऱ्या पल्ल्यावर गाठीएवढा डाग पाडला आहे, तो अजून आहे.

म्हातारा पाऊस

सुती जाकिटाचा डावा बाहेरचा बंद मुळासकट निघाला. बाराबंदी पाहिलेल्यांना हे बंद नवे नाहीत: एक जोडी आत, एक बाहेर, आणि डावा पल्ला नेहमी उजव्यावर. उलटा पल्ला जपानात मृतदेहाला घालतात. मशीनमध्ये सुटे बंद इतर कपड्यांना गुंडाळून ओढले जातात, म्हणून धुण्याआधी ते आपसांत बांधायचे. नुसता पुन्हा शिवला तर कापडासकट फाटतो. आतून 3 सें.मी. चौरस जाड कापडाचं ठिगळ, त्यावर चौकटीत फुलीची टीप. नाडी नेफ्यात शिरू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना गाठ मारून ठेवली.

आश्लेषा

ठिगळाचा बंद सहा धुण्यांनंतरही पक्का. सुती जाकीट 144.5 वर थांबलं आहे. पुढची मापं दसऱ्यानंतर, उन्हात वाळवून.