जॉर्ज विटेटच्या मागे एक शनिवार: जीपीओ ते शिवडी

सोमवारी जाऊ नका, एनजीएमए (आधुनिक कलेचं राष्ट्रीय दालन) बंद असतं. रविवारी तर मुळीच नको. हार्बरला मेगाब्लॉक आणि गेटवेवर मुंगी शिरायला जागा नाही. आम्ही शनिवार धरला, डोंबिवलीहून सातच्या सुमाराची फास्ट पकडली आणि सव्वाआठला सीएसएमटीला उतरलो.

आम्ही म्हणजे मी आणि माझा भाचा. तो आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका वास्तुविशारदाच्या पाच इमारती बघून स्केचेस काढा, असं कॉलेजनं सांगितलेलं. पठ्ठ्या चंदीगडची तिकिटं बघत होता. म्हटलं, लोकलचा पास आहे ना तुझ्याकडे? मग गेटवेवाला जॉर्ज विटेट घे.

विटेट स्कॉटलंडचा. १८७८ साली ब्लेअर अथोल या डोंगराळ भागातल्या गावात जन्म, पर्थमध्ये उमेदवारी, मग एडिंबरा आणि यॉर्कमध्ये नोकरी. १९०४ मध्ये, पंचविशीत, तो मुंबईला आला आणि सरकारी वास्तुविशारद जॉन बेग यांचा सहायक झाला. बेगही स्कॉटिशच. म्हणून सुरुवात बेगच्या जीपीओपासून, म्हणजे मोठ्या पोस्टापासून केली. "मावशी, हे पाचात धरायचं का?" "धरू नकोस, पण आत चल." आत मधोमध उभं राहून मान वर केली की विजापूरचा गोलघुमट आठवतो. तिकीटवाले, पार्सलवाले आपापल्या खिडक्यांवर, आणि डोक्यावर आदिलशाही! विजापूरचा हा धागा विटेटनं पुढे कसा नेला, ते म्युझियममध्ये दिसतं. त्यामुळे इथली पाच मिनिटं वाया जात नाहीत.

तिथून बॅलार्ड इस्टेट पायी दहा मिनिटांवर. माझ्या मते विटेटचं खरं कसब बघायचं तर ते इथे, गेटवेला नाही. अलेक्झांड्रा डॉक (आताचा इंदिरा डॉक) खणताना निघालेल्या दगडमातीच्या भरावावर ही वसाहत उभी आहे. जागा पोर्ट ट्रस्टची, बॅलार्ड हे नाव ट्रस्टच्या कर्नल बॅलार्ड यांचं. मालक निरनिराळे: जहाज कंपन्या, कस्टम्स, व्यापारी पेढ्या. पण रस्त्यावरून बघताना ते कळत नाही. सगळ्यांची उंची एक, ढंग एक. घुमट नाही, जाळी नाही, युरोपीय वळणाच्या शांत दगडी भिंती. शनिवारी सकाळी गाड्या तुरळक असतात, रस्त्याच्या मधोमध उभं राहता येतं. भाच्यानं वही आडवी धरली आणि पेन्सिल न उचलता अख्ख्या रस्त्याच्या माथ्याची रेघ एका दमात ओढली. रेघ तुटायला जागाच नव्हती. ते पान बघून मला पहिल्यांदा कळलं की 'एकसारखी उंची' म्हणजे काय. आमच्या डोंबिवलीत अशी रेघ ओढायची तर पेन्सिल मोडेल.

हा भाग सकाळी नऊच्या आत करा. नंतर ऊन थेट अंगावर येतं आणि उघडं दुकान सहज सापडत नाही. पाणी सीएसएमटीलाच घ्या. दुपारपर्यंत रेंगाळणार असाल तर ब्रिटानियात बेरी पुलाव आहे, पण ते दुपारच्या जेवणापुरतंच उघडं असतं. आम्हाला तेवढा वेळ नव्हता, भाचा अजून त्यावरून रुसलेला आहे.

होमी मोदी स्ट्रीटवरचं बॉम्बे हाऊस बाहेरूनच बघायचं. ते टाटांचं मुख्यालय, आत पर्यटकांना प्रवेश नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यांना मात्र आहे. २०१८ च्या नूतनीकरणात त्यांच्यासाठी खास खोली केली. १९१९ मध्ये विटेटनं सरकारी नोकरी सोडली आणि टाटांकडे बांधकामाचं काम बघायला गेला. ही इमारत १९२४ ची. मालाडच्या पिवळट दगडातली, अरुंद गल्लीत दाटीवाटीनं उभी, त्यामुळे फोटोत मावत नाही. समोरच्या फुटपाथला पाठ टेकवली तरी वरचा भाग कापला जातो. फोटोचा नाद सोडा, दगडावरची छिन्नीची कामं जवळून बघा.

म्युझियम सव्वादहाला उघडतं. म्हणजे आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. घरातली मोठी माणसं अजून प्रिन्स ऑफ वेल्सच म्हणतात. पायाभरणी १९०५ मध्ये त्या वेळच्या युवराजांनी केली, आराखडा १९०९ च्या खुल्या स्पर्धेतून निवडला तो विटेटचा. इमारत १९१४ ला तयार झाली, तोवर महायुद्ध लागलं. मग तिथे लष्करी इस्पितळ झालं, आणि वस्तुसंग्रहालय म्हणून दारं उघडली ती १९२२ च्या जानेवारीत. बहुतेक लोक गेटातून शिरतात ते तडक तिकीट दाखवून मूर्तींकडे. तसं करू नका. आधी बागेत डावीकडे सरकून उभे राहा. कुर्ल्याचा करडा बसाल्ट आणि मालाडचा पिवळा दगड कुठे कसा बदलतो ते बघा, मग घुमट.

आत गेल्यावर मधल्या दालनात थांबा. घुमटाखाली जो लाकडी कमानींचा मंडप आहे, तो विटेटनं काढलेला नव्हे. नाशिकच्या एका जुन्या वाड्यातून तो विकत आणला. परक्या मुलखातून आलेल्या माणसानं मराठी वाड्याचं लाकूडकाम उचलून विजापुरी घुमटाखाली बसवलं, आणि ते ठिगळ वाटत नाही. मी खांबाजवळ गेले. लाकूड कुठे गुळगुळीत, कुठे नक्षीच्या खाचेत काळपट. आमच्या आजोळच्या माजघरातला खांब असाच होता, फक्त त्याला सायकल टेकवलेली असायची. भाचा इथे पाऊण तास बसला. रखवालदारांनी हटकलं नाही. पेन्सिलचं कुणाला वावडं नाही, फक्त स्टूल उघडून वाट अडवू नका.

रस्त्यापलीकडे इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स (१९२०) आणि त्याला लागून कावसजी जहांगीर हॉल, म्हणजे आताचं एनजीएमए. दोन्ही विटेटची. कॉलेज चालू असतं, आत सोडतीलच असं नाही. वळणावर वळत गेलेली दर्शनी बाजू बाहेरूनच छान दिसते. धोबीतलावचं लघुवाद न्यायालयही त्याचंच, आम्ही ते गाळलं.

आता गेटवे. १९११ च्या २ डिसेंबरला पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले, तेव्हा तिथे पुठ्ठ्याची तात्पुरती सजावट होती. पायाचा दगड १९१३ च्या मार्चमध्ये बसला. मग समुद्रात भराव, मग बांधकाम, आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ ला. ज्या राजाच्या स्वागताची ही कमान, तो नंतर हिंदुस्थानात कधी आलाच नाही. खर्च सुमारे २१ लाख. घडणीवर सोळाव्या शतकातल्या गुजराती वास्तूंची छाप, जाळ्या ग्वाल्हेरच्या. प्रत्यक्ष कामावर देखरेख करणाऱ्यांत रावबहादूर यशवंतराव हरिश्चंद्र देसाई होते, हे नाव गाइड सहसा घेत नाहीत.

भाच्यानं कमानीखाली उभं राहून शहराकडे पाहिलं आणि विचारलं, "मावशी, रस्ता सरळ समोर का येत नाही?" बरोबर पकडलं. ठरलेला भव्य रस्ता पैशाअभावी झालाच नाही, आणि कमान राहिली तिरकी. म्हणून चौकातून बघितली की ती जरा गोंधळल्यासारखी दिसते. ही वास्तू समुद्राकडून बघायची. बंदरातली अर्ध्या तासाची फेरी घ्या, किंवा मांडव्याची बोट. धक्का सुटल्यावर चार-पाच मिनिटांत घुमट आणि चारी मनोरे नीट जागेवर बसतात. २६ मीटर उंची खालून जाणवत नाही, पाण्यावरून जाणवते. पावसाळ्यात बोटींचा भरवसा नसतो, ऑक्टोबरनंतर जा. तिकीट खिडकीवरच घ्या, मध्ये हाका मारणाऱ्यांकडून नको. बॅगांची तपासणी होते, वहीची पट्टी आणि कटर घरी ठेवा. भाच्याचा कटर तिथेच राहिला.

आणि इथून पुढे आमची चूक. आम्ही शिवडी शेवटी ठेवली. बोटीला उशीर झाला, सीएसएमटीला पोचेपर्यंत साडेचार वाजले, हार्बरनं शिवडीला उतरलो तेव्हा पाच वाजून गेले होते. विटेट तिथल्या ख्रिस्ती दफनभूमीत आहे. परळचं केईएम हॉस्पिटल १९२६ च्या जानेवारीत सुरू झालं, तेही त्याचंच काम. आमच्या घरातली अर्धी माणसं त्या ओपीडीच्या रांगेत कधी ना कधी उभी राहिली आहेत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विटेट मुंबईतच हगवणीनं गेला. वय ४७.

दफनभूमीची जागा मुळात कृषी-उद्यान संस्थेची बाग होती, १८६० च्या दशकात म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्डच्या काळात तिचं कब्रस्तान झालं. झाडं अजून बागेसारखीच आहेत. व्हीटीचा, म्हणजे आताच्या सीएसएमटीचा, वास्तुविशारद स्टीव्हन्सही इथेच आहे. कबरी हजारोंनी, आमच्याकडे फक्त नाव. भाचा एका रांगेतून, मी दुसऱ्या. शेवाळ पुसून अक्षरं वाचायची आणि पुढे सरकायचं. अर्ध्या तासात उजेड गेला.

"बाई, उद्या या," गेटवरचे काका म्हणाले. "सकाळी. नाव आणि साल कागदावर लिहून आणा."

तेव्हा तुम्ही उलट्या क्रमानं जा. सकाळी आधी शिवडी, कागदावर 'जॉर्ज विटेट, सप्टेंबर १९२६' लिहून. मग हार्बरनं सीएसएमटी, आणि तिथून पायी. अंगभर कपडे घाला, डासांसाठी ओडोमॉस ठेवा, आत मोठ्यानं बोलू नका.

स्टेशनबाहेर वडापाव खाताना भाच्यानं पाचवं पान उघडलं. वर विटेटचं नाव आणि साल लिहिलं, खाली काही काढलं नाही. येत्या शनिवारी ६:१० ची पकडायची ठरली आहे.