गिलाव्यात रोवलेला दांडा

सांगलीच्या गावभागातलं जुनं घर. आजी 78 वर्षांच्या, उजव्या खुब्याचा अर्धा सांधा बदलून सहा आठवडे झालेले. मला बोलावलं होतं वॉकर तपासायला. संडासात आधाराचा दांडा चार दिवसांपूर्वीच बसवून घेतला होता.

रुग्णानं धरण्याआधी कुठलाही दांडा मी दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून ओढते. पहिल्याच हिसक्याला वरच्या चकतीमागून भुकटी गळली. दुसऱ्याला चकती भिंतीपासून बोटभर सुटली. चार दिवस आजी त्याच्याच भरवशावर उठत होत्या!

दांड्यात खोट नव्हती. स्टेनलेस स्टीलचा, 32 मिमी जाड, भिंतीपासून 4 सेंमी सुटा. भिंत ओळखली नव्हती. स्क्रू दीड इंची. टाइल, तिच्यामागचा माल आणि जुना गिलावा मिळूनच सव्वा इंच. विटेत गेला तो जेमतेम पाव इंच. त्यात 2019 च्या पुरात ही भिंत पाण्यात होती, टाइल ठोकली की पोकळ वाजायची. अशा ठिकाणी लांब फास्टनर मारूनही भागत नाही. तो छिद्रात फुगून पकड घेतो. वीट भुसभुशीत असली की पकड राहते बाजूला, विटेचाच चुरा होतो.

सुदैवानं ती भिंत बोळाकडची, नऊ इंची. मी मिस्त्रींना आरपार जायला सांगितलं. दांड्याच्या भोकांत बसेल अशी 6 मिमीची आटे पाडलेली स्टेनलेस सळई, बाहेरून 4 बाय 4 इंचाची, 6 मिमी जाड लोखंडी प्लेट, वॉशर आणि दोन-दोन नट. ड्रिलचा हॅमर टाइल पार होईपर्यंत बंद, नाहीतर ती तडकते. छिद्राला बाहेरच्या बाजूला किंचित उतार, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही. नट थोडे थोडे, आलटूनपालटून आवळायचे. एकदम ताणले तर पोकळ टाइल फुटते.

जागाही बदलली. आधीचा दांडा मिस्त्रींच्या उंचीनं लागला होता. "तिथं धरलं की खांदा भरून येतो ओ," आजी म्हणाल्या. गुडघ्याच्या लवणीपासून जमिनीपर्यंत त्यांचं माप 41 सेंमी. खुबा गुडघ्याखाली जायला नको, म्हणून भांड्यावरच्या कमोड खुर्चीची बैठक 47 वर घेतली. मग त्यांना बसवून, उठवून हात आपसूक जाईल तिथं खडूनं खुणा केल्या. दांडा उभा लावला, बैठकीच्या थोडा पुढे: खालचं टोक बसल्यावर कोपराशी, वरचं उभं राहिल्यावर खांद्याशी.

वॉकर दोन भोकं उंच होता. मूठ मनगटाच्या घडीशी आणली. खुर्चीचं एक रबरी बूच झिजलं होतं, तेही बदललं. दारातलं पायपुसणं काढलं.

मिस्त्री दांड्याला लोंबकळले, मग मी. हलला नाही. आठ दिवसांनी बोळातून पाना लावला, तेव्हा खालचे नट मात्र पाऊण फेरा फिरले. पुढच्या आठवड्यात पुन्हा बघायचेत.